उन्हानं उठणारं पुरळ: आधी हनुवटीखाली बघ, मग औषध

आलेलं पत्र, थोडं कमी करून:

"मावशींना नमस्कार. माझं वय 34. बेळगावजवळ उचगाव भागात आमची शेती. पावसाळाभर मला काही नसतं. गणपती झाले, आभाळ उघडलं आणि बटाटा-रताळी काढायला रानात उतरले की दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत, मानेच्या मागं आणि गळ्याखाली बारीक पुरळ उठतं. मोहरी पसरल्यासारखं. खाजेनं रात्रभर झोप नाही. आठ दिवस घरात बसलं की जातं, पण पांढरट डाग ठेवून जातं. दिवाळीनंतर रानात गेले तरी तेवढं उठत नाही. हे तिसरं वर्ष. सासूबाई म्हणतात पित्त आहे, लिंबू चोळ. चोळून रानात गेले तर आग आग झाली आणि काळे डाग पडले. जावेनं मेडिकलमधली एक ट्यूब दिली, तिनं दोन दिवसांत बरं वाटलं. उजळ दिसतं म्हणून तीच तोंडालाही लावत आलेय, चार महिने झाले. आता तोंड लाल होतंय, चुलीपुढं बसलं तरी जळजळतंय. गल्लीतल्या बायका डाग बघून कोड काय म्हणून विचारालेत. घरात माझा टॉवेल वेगळा ठेवलाय. उन्हात जाऊ नको म्हणतात सगळे, पण रानात नाही गेले तर भागायचं कसं? सांगा की."

पोरी,

तू फार नीट बघितलंयस, म्हणून मला उत्तर देणं सोपं झालं. पुरळ लगेच उठत नाही, दुसऱ्या दिवशी उठतं. ऊन टाळलं की आठवड्यात बसतं. दरवर्षी त्याच दिवसांत येतं आणि दिवाळीनंतर आपोआप नरम पडतं. उन्हाच्या ॲलर्जीचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार असाच वागतो, आणि तो 20 ते 40 वयाच्या बायकांना अधिक होतो. तुला बहुतेक तोच आहे. बहुतेक म्हणते, कारण अंग समोर नाही. एक गोष्ट तुला स्वतःला आरशात बघायची आहे, ती पुढं सांगते.

आधी तुला पडला असेल तो प्रश्न. चैत्र-वैशाखात ऊन भाजून काढतं, मग पुरळ भाद्रपद-अश्विनातच का? जून ते सप्टेंबर आपल्या पश्चिम पट्ट्यात पाऊस आणि ढग. तू इरलं किंवा रेनकोट घालून रानात असतेस. चार महिने हातांना उघडं ऊन मिळत नाही आणि कातडीची उन्हाची सवय मोडते. मग एके दिवशी आभाळ उघडतं, पावसानं धुतलेल्या स्वच्छ हवेतून ऊन थेट येतं आणि तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात उघडे टाकून बटाटे वेचतेस. सवय नसलेल्या कातडीतली रोगाशी लढणारी यंत्रणा उन्हानं कातडीत झालेल्या बदलाला परकं समजून उठते. पुढं रोज थोडं थोडं ऊन मिळत गेलं की ती शांत होते, म्हणून दिवाळीनंतर तुला त्रास कमी. वर्षभर उघडं असणारं तोंड यातून बऱ्याचदा सुटतं, तेही याच कारणानं. काहींना हेच पुरळ फेब्रुवारी-मार्चमध्ये उठतं, थंडीतले स्वेटर निघाले की.

आणखी एक. आपल्या बेळगावची हवा गार. अंगाला चटका बसत नाही म्हणून बायका म्हणतात, आज ऊन कुठाय? पण पुरळ उठवणारे किरण उष्णतेचे नसतात, ते अतिनील किरण. गार वारा असला तरी ते तेवढेच येतात आणि पातळ ढगांतूनही बरेच गळतात. त्यांतले काही तर काचेतूनही आत येतात. म्हणून एसटीच्या खिडकीशी बसून खानापूर ते बेळगाव आलीस आणि एकाच हाताला पुरळ उठलं, तर नवल वाटून घेऊ नको.

आता आरशाचं.

खानापूर तालुक्यात उपकेंद्रात नर्स असताना माझ्याकडं एक वयस्क शेतकरीमामा यायचे. पावसाळा सुरू झाला की पापण्या सुजायच्या आणि मानेची कातडी चामड्यासारखी जाड व्हायची. मी दोन वर्षं त्यांना कॅलामाईन दिलं आणि उन्हात जाऊ नका म्हणून सांगितलं. मामा खरंच घरात बसले, सोप्यावर. काडीचा फरक पडला नाही. शेवटी त्यांना घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. तिथल्या कातडीच्या डॉक्टरांनी अंगठ्यानं त्यांची हनुवटी वर उचलली. हनुवटीखाली, गळ्याच्या घडीत, जिथं ऊन पोहोचतच नाही, तिथंही सगळं लाल आणि खरबरीत. डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, इथं ऊन पडतं का?" ते काँग्रेस गवताचं होतं. सोप्याला लागून कमरेएवढं उभं होतं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. त्या दोन वर्षांची टोचणी मला अजून आहे.

म्हणून पुरळ उठलेलं असताना दिवसाच्या उजेडात आरशापुढं उभी रहा. हनुवटीखाली, कानामागं, वरच्या पापणीवर आणि कोपराच्या आतल्या घडीत बघ. या सावलीच्या जागा आहेत. त्या स्वच्छ असतील आणि ब्लाउजची बाही जिथं संपते तिथूनच पुरळ रेघ ओढल्यासारखं सुरू होत असेल, तर काम उन्हाचं. तिथंही पुरळ असेल, पापण्या सुजत असतील, तर काहीतरी हवेतून येऊन बसतंय आणि आपल्याकडं पहिला संशय काँग्रेसवर. त्याच्या पानांवरची बारीक लव, वाळून उडणारे कण आणि फुलांतला पराग यांत पार्थेनिन नावाचा पदार्थ असतो, तो कातडीला चढतो. वाळलेलं गवतही सोडत नाही. आणि पुरळ पदराखाली, काचणाऱ्या पट्ट्याखाली, पाठीवर असेल तर ते साधं घामोळं, त्याला ऊन नाही, घाम कारण.

हे गवत आपल्या मातीतलं नाही. पुण्यात 1955 च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि मग ते रस्त्याकडेनं, रेल्वेकडेनं पसरत सगळीकडं गेलं. कर्नाटकात त्याला खाणारे मेक्सिकोचे भुंगेरे 1984 साली आणून सोडले, तरी आपल्या बांधावर ते आहेच. कन्नड शेजारणीलाही विचार, तीही काँग्रेसच म्हणेल. ज्याला ते चढतं त्यानं स्वतः उपटायला जाऊ नये. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी फूल धरायच्या आधी, हातमोजे घालून उपटावं. पेटवू नये. आणि धुतलेली कापडं त्या गवतावर वाळत घालू नयेत. हे मी मुद्दाम सांगते, कारण ओढ्याकडेला असं वाळत घातलेलं मी कितीदा बघितलंय. संशय असला तर कातडीचे डॉक्टर पाठीवर पट्ट्या लावून तपासतात. त्या दोन दिवसांनी काढतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. दुखत नाही. फक्त तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही.

आता ट्यूब. याच्यावर मला कळकळीनं बोलायचं आहे.

ती ट्यूब हातात घे आणि पोराला बारीक अक्षरं वाचायला लाव. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं एक नाव असलं तर तो स्टेरॉईड आहे. स्टेरॉईड वाईट औषध नाही. डॉक्टरांनी हातावरच्या पुरळाला चार-पाच दिवस लाव म्हणून दिला तर तो खाज झटकन उतरवतो, तुला दोन दिवसांत बरं वाटलं ते त्यामुळंच. पण तोंडाची कातडी पातळ. महिनोन् महिने लावला की ती आणखी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते, आणि चुलीची धगही सोसत नाही. तुझं तेच झालंय. जाऊबाईनं मायेनं दिली असेल, पण एकीचं औषध दुसरीच्या तोंडाला लावायचं नाही. आता तू घाबरून आजच फेकून दिलीस तर आठवडाभरात तोंड अजून लाल होईल, सुजेल, आणि तू पुन्हा तीच लावशील. हे चक्र मी फार बायकांत बघितलंय. म्हणून ट्यूब घेऊन या आठवड्यातच कातडीच्या डॉक्टरांकडं जा आणि ती कशी सोडवायची ते त्यांना ठरवू दे.

लिंबू मात्र आजपासून बंद. लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, असं द्रव्य असतं की त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते आणि महिनोन् महिने काळे डाग राहतात. तुझे काळे डाग ॲलर्जीचे नाहीत, लिंबाचे आहेत. ते हळूहळू जातील. बावचीचं तेलही असंच, त्याच्याकडं उन्हाच्या दिवसांत वळूच नको. टूथपेस्ट, पावडर, चुना यांतलं काही नको. चंदन काहींना थंडावा देतं आणि काहींना उलट चढतं, म्हणून पुरळावर नकोच. सासूबाईंना आमसुलाचं पाणी लावायचं असेल तर खाजवून सोललेल्या जागी लावू देऊ नको, चरचरेल. त्यांना दुखवायचं कारण नाही. त्यांच्या हाताला काम द्यायचं तर गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांग. खरा आराम त्यातच आहे.

पुरळ उठलं त्या दिवशी असं कर. सावलीत ये. धुऊन मऊ झालेलं सुती कापड माठाच्या पाण्यात भिजवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटं हातांवर ठेव. दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट लावू नको. अंघोळ कोमट पाण्याची, घासणी नको, साबण थोडा आणि बिनवासाचा. अंग टिपून घे, चोळू नको. वर कॅलामाईन लोशन, बाटली हलवून. कातडी कोरडी, तडतडीत झाली की साधं खोबरेल, पण ते पुरळ बसायला लागल्यावर. रात्रीच्या खाजेला सेट्रीझिनची 10 मिलिग्रॅमची एक गोळी चालते. तिनं झोप येते, म्हणून घेऊन गाडी चालवायची नाही, आणि दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असशील तर विचारल्याशिवाय घ्यायची नाही. नखं कापून ठेव. खाजवून पू झाला तर घरचे उपाय थांबव आणि दवाखाना गाठ.

आता तुझा खरा प्रश्न. रानात न जाऊन भागत नाही. मी तुला घरात बस म्हणणार नाही.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे कापड. आपल्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात ना, तेच औषध आहे, फक्त शर्ट बघून घे. बाह्या लांब हव्यात. तो दोन्ही हातांनी ताणून सूर्याकडं धर. विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढंच ऊन तुझ्या हातावर येणार. धुऊन धुऊन विरलेला पांढरा शर्ट म्हणून उपयोगाचा नाही. घट्ट विणीचा, गडद रंगाचा घे, गरम होईल थोडा पण राखेल. घामानं चिंब भिजलेल्या कापडातूनही ऊन जास्त झिरपतं, म्हणून दुपारी बदलायला दुसरा ने. कॉलर उभी करून मान झाक, वरचं बटण लाव, म्हणजे गळ्याखालचा तो त्रिकोण झाकेल. मनगटं उघडी राहतात, तिथं जुन्या पायमोज्यांचे पंजे कापून चढव. डोक्यावर नुसता टॉवेल गुंडाळण्यापेक्षा रुंद काठाची टोपी, आणि टॉवेल तिच्याखालून मानेवर सोडलेला. पहिल्या वर्षी बायका हसतील. पुढच्या वर्षी त्यांतल्याच दोघी विचारायला येतील.

वेळेला घड्याळ नको, सावली बघ. तुझी सावली तुझ्या उंचीपेक्षा लांब असेल तर ऊन सौम्य, आखूड असेल तर कडक. आपल्याकडं सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. उघड्यावर वेचायचं काम सकाळी लवकर आणि चारनंतर, आणि मधल्या वेळात निवडणं, पोती भरणं, झाडाखाली बसून होईल ते. मजुरीनं जाणाऱ्या बाईला हे जमत नाही, मला ठाऊक आहे. तिनं निदान भाकरी खायची सुट्टी बांधावर न घेता सावलीत घ्यावी.

सनस्क्रीन मी कापडानंतर सांगते, कारण ते महाग आणि घामानं जातं. पण तोंड, मान आणि हाताच्या पाठी यांना दुसरा इलाज नाही. एसपीएफ 30 किंवा 50 लिहिलेलं हवं आणि शेजारी पीए पुढं तीन अधिक चिन्हं हवीत. तुझ्या पुरळाला बऱ्याचदा लांब लहरींचे अतिनील किरण कारण असतात आणि ते अडवण्याची खूण पीएमध्ये असते, नुसत्या एसपीएफमध्ये नाही. झिंक ऑक्साईडचं घेतलंस तर तुझ्या जळजळणाऱ्या तोंडाला कमी झोंबेल, तरी डॉक्टरांना ट्यूबबरोबर हेही विचार. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ काढ. तोंड आणि मानेला मिळून तेवढं लागतं. टिकलीएवढं लावून उपयोग नाही. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि घाम गाळायचं काम असलं तर दोन तासांनी पुन्हा.

आणि पुढच्या वर्षी हे कर. गणपतीच्या दिवसांत ऊन पडायला लागलं की रोज सकाळी आठच्या सुमारास हात उघडे ठेवून पाच मिनिटं अंगणात बस, दोन दिवसांनी आठ, मग दहा. कातडीला हळूहळू सवय होऊ दे. पुरळ उठलं तर थांब. काढणीच्या पहिल्या दिवशी मात्र पूर्ण झाकून आणि अर्धाच दिवस जा. काहींना तरीही दरवर्षी उठतं. त्यांच्यासाठी डॉक्टरांकडं गोळ्या आणि दवाखान्यात मोजून प्रकाश देण्याचा उपचार आहे. काँग्रेस निघालं तर मात्र ही सवयीची युक्ती करू नको. जुन्या काँग्रेसच्या त्रासात कातडी उन्हालाही हळवी होऊन बसते.

डॉक्टरांकडं जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं ने. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाईड असतं, तापावर डॉक्सिसायक्लिन देतात, आणि कंबर दुखली की तू चोळत असशील त्या जेलमध्ये कीटोप्रोफेन असू शकतं. या तिन्हींनी ऊन चढतं. रक्तदाबाची गोळी मनानं बंद करू नको, बदलून माग. पुरळ उठलेलं असताना फोनवर फोटो काढून ठेव, कारण तू पोहोचेपर्यंत ते बसलेलं असतं आणि डॉक्टर काय बघणार? सिव्हिल हॉस्पिटलात कातडीचा विभाग आहे. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत, आधार कार्ड तेवढं ने. कन्नड नीट येत नाही म्हणून संकोचू नको, मराठीत सांग, तिथं समजणारं कुणीतरी असतंच.

गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर फुलपाखरासारखी लाली, सांधे दुखणं, तोंड येणं, केस गळणं, बारीक ताप, यांतलं काही पुरळाबरोबर असलं तर थांबायचं नाही. तो ल्युपस असू शकतो, तो आतल्या अवयवांना धरतो आणि रक्त तपासून कळतो. उन्हात गेल्या गेल्या पाच-दहा मिनिटांत गांधी उठून काही तासांत जात असतील तर तो वेगळा प्रकार. त्यात ओठ सुजले, दम लागला, तर सरळ दवाखाना.

गल्लीतल्या बायकांना सांग, हे कोड नाही. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, कडा ठळक, आणि सहसा खाज नसते. तुझे डाग पुरळ बसल्यावर रंग उतरल्याचे आहेत, काही आठवडे-महिन्यांत भरून येतात. मनाच्या समाधानासाठी डोळे मिटून कुणाला तरी डागावर कापूस फिरवायला लाव. स्पर्श कळला तर बरं. एखादा डाग बधिर लागला तर लाजू नको, लपवू नको, दाखव. तो कुष्ठरोग असू शकतो, आणि त्यावर सरकारी दवाखान्यात फुकट आणि पूर्ण बरं करणारं औषध आहे.

आणि तो टॉवेल. उन्हाची ॲलर्जी कुणाच्या अंगाला लागत नाही. टॉवेलानं नाही, ताटानं नाही, शेजारी झोपल्यानं नाही. ती घराण्यात असू शकते, म्हणून तुझ्या मुलीला मोठेपणी असं उठलं तर लगेच ओळखशील, एवढंच. हे उत्तर सासूबाईंना वाचून दाखव. त्या ऐकणाऱ्या नसतील तर दवाखान्यात त्यांनाच सोबत ने आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकव. घरी आलीस की तुझा टॉवेल सगळ्यांच्या टॉवेलांशेजारी दोरीवर घाल.